दारातला प्रवासी

लोकल गाडीविषयी बोलणे निघाले की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: "परदेशात असं नसतं हो!" हे वाक्य म्हणणारी व्यक्ती बहुधा परदेशी गेलेली नसते. आमच्या शेजारच्या काकू ते म्हणतात, स्टेशनबाहेरचा वर्तमानपत्रवाला म्हणतो, आणि आमच्या वर्गातही वादविवाद स्पर्धेच्या वेळी ते निदान तीन जणांच्या तोंडून आले. त्याच्या पोटात आणखी एक वाक्य दडलेले असते, ते म्हणजे "आपली माणसंच तशी!" शिस्त नाही, धीर नाही, दारात लटकायची हौस, वगैरे वगैरे. मला या दुसऱ्या वाक्याविषयी लिहायचे आहे; कारण माझे बाबा गेली सव्वीस वर्षे दारात उभे राहून कामाला जातात आणि त्यांना कसलीही हौस नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझा मामा टोकियोहून आला. अकरा वर्षे तो तिकडे आहे. सोमवारी सकाळी तो बाबांना म्हणाला, "भावोजी, आज मी येतो तुमच्याबरोबर घाटकोपरपर्यंत." आई नको म्हणत होती. तरी तो गेला आणि दुपारी परतला, तेव्हा शर्टाचे एक बटण गेलेले होते. आम्हा सर्वांना वाटले, आता हा जपानचे गोडवे गाणार. काकूही मुद्दाम ऐकायला येऊन बसल्या होत्या. मामाने पाणी प्यायले आणि म्हणाला, "गर्दीचं काही नाही ताई, गर्दी आमच्याकडेही असते. पण आमच्याकडे दार बंद होतं."

त्या दिवसापासून हे दार माझ्या डोक्यातून जात नाही.

मामा राहतो तो निशी-कासाई नावाचा भाग आहे. तिथे पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात. तिथून जी तोझाई नावाची भुयारी गाडी जाते, तिचा किबा ते मोनझेन-नाकाचो हा टप्पा सकाळच्या गर्दीसाठी साऱ्या जपानात प्रसिद्ध आहे. करोनाच्या आधी, २०१९ साली, तेथील गर्दी १९९ टक्के होती. हा आकडा मामाने अंदाजाने सांगितला नव्हता. जपानचे सरकार दरवर्षी मार्गामार्गावरची गर्दी मोजते आणि छापून प्रसिद्ध करते. त्याची परिमाणेही मोठी गमतीची आहेत. सर्वांना बसायला आसन किंवा उभे राहून धरायला कडी, दांडी मिळाली तर गर्दी १०० टक्के. वर्तमानपत्र उघडून वाचता आले तर १५०. वर्तमानपत्राची घडी घालून कसेबसे वाचता आले तर १८०. अंगाला अंग लागून दाब जाणवू लागला तर २००. आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याबरोबर शरीर कलंडते, हातही हलवता येत नाही, अशी अवस्था आली तर २५०.

आपण या मोजपट्टीवर कुठे बसतो? (बसण्याचा प्रश्नच नाही, उभे राहतो म्हणू या!) आपल्याकडे वर्तमानपत्राचे परिमाण चालणार नाही. आपल्या रेल्वेच्या दफ्तरी 'सुपर डेन्स क्रश लोड' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ दर चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसे. एक चौरस मीटर म्हणजे आपल्या कॉमन रूममधल्या कॅरम बोर्डाहून थोडी मोठी जागा. तिच्यावर सोळा माणसे उभी करून पाहावीत. जिमखान्याच्या सेक्रेटरींनी परवानगी दिली तर स्नेहसंमेलनात हा प्रयोग करण्यासारखा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आपण आगगाडीच्या बाबतीत मागाहून आलेले लोक नव्हे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली, हे ठाणेकर कोणाला विसरू देत नाहीत. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणला पोहोचली. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ ची आणि जपानमधली पहिली आगगाडी १८७२ ची. मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, आणि टोकियोची प्रसिद्ध यामानोते ही वर्तुळाकार रेल्वे पूर्ण झाली तीही १९२५ च्याच नोव्हेंबरात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपण आणि ते एकाच फलाटावर उभे होतो. मग पुढे त्यांची गाडी सुटली आणि आपली राहिली, असे काय झाले?

'शिस्त' हे उत्तर मला मुळीच पटत नाही. याचा पुरावा शोधायला जपानला जाण्याची जरुरी नाही, घाटकोपरपर्यंत जावे. बाबा डोंबिवलीहून लोकलच्या दारात एका पायावर उभे राहून घाटकोपरला उतरतात, आणि पूल ओलांडून अंधेरीकडे जाणाऱ्या मेट्रोत चढतात. ही मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली. तिथे तीच माणसे, त्याच सकाळी, त्याच पाठपिशव्या घेऊन फलाटावरच्या खुणांमागे रांग लावतात. गाडी येते, दार उघडते, माणसे आत जातात, दार बंद होते. कोणीही लटकत नाही. पाच मिनिटांपूर्वी जो 'बेशिस्त' होता तो जिना चढून 'शिस्तप्रिय' झाला! माणूस बदलला नाही. त्याच्यासमोरचे दार बदलले.

आता दार बंद होण्यासाठी काय लागते ते पाहू. मामा म्हणाला त्यात अर्धे सत्य होते. दार आपोआप बंद होते, पण ते मिटण्यापुरती जागा आत असावी लागते. टोकियोच्या शिंजुकू स्थानकावर १९५५ साली प्रवाशांना हाताने आत ढकलण्यासाठी माणसे नेमण्यात आली. पांढरे हातमोजे घातलेली ही माणसे आपण चित्रफितींत पाहून हसतो. वाचकहो, हे लोक प्रारंभी बव्हंशी कोण होते ठाऊक आहे? अर्धवेळ काम करणारे कॉलेजचे विद्यार्थी! शिक्षण चालू असताना चार पैसे मिळवण्याची ही त्यांची 'कमवा आणि शिका' योजना. आपल्याकडे हे काम प्रवासी एकमेकांसाठी विनामूल्य करतात.

परंतु दार नुसते बंद करून भागत नाही, हेही जपानने फार मोठी किंमत मोजून शिकले. २४ एप्रिल १९५१ रोजी योकोहामातील साकुरागिचो स्थानकाजवळ तुटलेल्या विजेच्या तारेमुळे लोकलच्या डब्याने पेट घेतला. दारे बंद होती, ती आतून कशी उघडायची हे प्रवाशांना ठाऊक नव्हते. खिडक्यांतून माणूस बाहेर पडेल एवढी फट नव्हती. एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट नव्हती. एकशे सहा माणसे गेली. त्यानंतर दार हाताने उघडण्याची कळ प्रवाशांना दिसेल अशी बसवली, डबे एकमेकांना जोडले. पुढे १९६२ च्या मे महिन्यात मिकावाशिमा येथे अपघात झाला, तेव्हा प्रवाशांनी तीच कळ फिरवून दारे उघडली आणि रुळांवर उतरले. समोरून दुसरी गाडी आली. एकशे साठ जण ठार झाले. (आपल्या जळगाव जिल्ह्यात जानेवारी २०२५ मध्ये आगीच्या अफवेने गाडीतून उतरलेल्या लोकांवर दुसरी गाडी आली, त्याची येथे आठवण होते.) बंद दार, उघडे दार, दोहोंनीही माणसे मेली. तेव्हा जपानी माणूस जन्मतःच शहाणा होता आणि आपण नव्हतो, असे मानण्याचे कारण नाही. प्रत्येक अपघातानंतर तिथे डब्यात आणि यंत्रणेत काहीतरी बदलले गेले, एवढाच फरक.

लंडनचे उदाहरण तर आपल्याला अधिकच जवळचे वाटावे. तिथल्या उपनगरी गाड्यांना प्रत्येक कप्प्यासाठी वेगळे, हाताने उघडायचे दार असे आणि घाईतले साहेबलोक गाडी पुरती थांबण्याआधीच दार ढकलून फलाटावर उड्या टाकीत. साहेब वागण्यात आपल्याहून वेगळा नव्हता! ही जुनी दारे नेहमीच्या वाहतुकीतून पुरती हद्दपार झाली ती २००५ साली, म्हणजे आपला 'डोंबिवली फास्ट' चित्रपट आला त्या वर्षी.

आणि लंडन-टोकियोची तुलना श्रीमंतांशी तुलना म्हणून सोडून द्यायची असेल तर जकार्ता घ्या. इंडोनेशियाच्या या राजधानीत लोक लोकलच्या दारातच नव्हे, टपावर बसून जात. त्यांना आवरण्यासाठी रेल्वेने काय काय केले! रंग उडवला, कुत्रे आणले, आणि २०१२ च्या जानेवारीत रुळांवर आडव्या चौकटी उभारून त्यांतून काँक्रीटचे गोळे टांगले, टपावर बसणाऱ्याच्या डोक्यावर आदळतील असे. तरीही लोक बसतच राहिले. टप मोकळा झाला तो गोळ्यांनी नव्हे. टोकियोत वापरून झालेल्या गाड्या त्यांनी मोठ्या संख्येने विकत आणल्या, तिकिटाची पद्धत बदलली, फलाटांवर तिकीट असलेल्यांनाच प्रवेश ठेवला, २०१३ च्या जुलैमध्ये बिगरवातानुकूलित गाड्या बंद केल्या आणि त्याच महिन्यात अंतरावर आधारलेले स्वस्त भाडे सरकारी अनुदानाच्या आधारे लागू केले. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. थंड गाडी आली, पण ती परवडेल अशा भाड्यात आली. प्रवासी वाढून पुढे दिवसाला दहा लाखांच्या घरात गेले.

अर्थात तिथेही सगळे गोड नव्हते. स्थानके मोकळी करताना फलाटांवरची छोटी दुकाने पाडली गेली, तेव्हा इंडोनेशिया विद्यापीठाचे विद्यार्थी दुकानदारांच्या बाजूने निदर्शनांत उतरले. मला ही हकीकत वाचून बरे वाटले आणि लाजही वाटली. आम्ही कॉलेजातले लोक स्टेशनसाठी शेवटचे केव्हा उभे राहिलो?

असो. आता आपल्या घरी येऊ.

ठाणे आणि कल्याण यांच्यामधला तुकडा हा साऱ्या मध्य रेल्वेचा गळा आहे, हे नकाशा पाहिला की ध्यानात येते. कल्याणला दोन फाटे येऊन मिळतात, एक कसाऱ्याकडून, एक कर्जतकडून. दोन्हींचे प्रवासी या एकाच गळ्यातून खाली उतरतात. १९१६ साली पारसिकचा बोगदा झाला, जलद गाड्या तिकडून जाऊ लागल्या आणि धीम्या गाड्या मुंब्र्याच्या खाडीकाठाने. नंतर शंभराहून अधिक वर्षे या गळ्यातून लांब पल्ल्याच्या गाड्याही आपल्या लोकलच्याच जलद मार्गावरून जात राहिल्या. ठाणे ते दिवा हा पाचवा आणि सहावा मार्ग २००८ साली मंजूर झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये खुला झाला. नऊ-दहा किलोमीटरला चौदा वर्षे! यात खाडी होती, डोंगर होता, जागेची भांडणे होती, हे मान्य. पण त्या चौदा वर्षांत मुले थांबली नाहीत, इमारती थांबल्या नाहीत. कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली होती, ठाण्याची अठरा लाखांवर; आणि अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा त्याहून निराळे.

टोकियोने काय केले? १९६० नंतरच्या दशकात तिथली गर्दी २०० टक्क्यांच्या पलीकडे होती. तेव्हा त्यांच्या राष्ट्रीय रेल्वेने शहरात येणाऱ्या पाचही दिशांचे मार्ग एकदमच वाढवायला घेतले. दोनाचे चार, चाराचे सहा असे रूळ टाकले, लांबच्या गाड्या आणि उपनगरी गाड्या वेगळ्या केल्या. हे काम पंधरा-एक वर्षे चालले. मामाची ती तोझाई गाडीसुद्धा सोबू नावाच्या जुन्या मार्गावरचा भार हलका करायला १९६४ ते १९६९ या काळात बांधलेली आहे. एवढे करूनही गर्दी लगेच हटली नाही. १९७५ साली टोकियोची सरासरी २२१ टक्के होती, २०१९ साली १६३. आणि या खर्चाने इतर कारणांबरोबर त्या राष्ट्रीय रेल्वेला कर्जात बुडवले, अखेर १९८७ साली तिचे तुकडे करून खाजगीकरण करावे लागले. फुकट काही झाले नाही.

येथे पैशाचा प्रश्न आलाच. आपला पास स्वस्त आहे. कल्याणहून ठाण्याला एकदा रिक्षा केली तर जे पैसे जातात त्यात महिनाभराचा पास निघतो. विद्यार्थ्यांना तर सवलतही आहे. ही स्वस्ताई आपल्या लोकलची फार मोठी गोष्ट आहे आणि परदेशाची स्तुती करणारे ती नेमकी विसरतात. लंडनमध्ये असा पास काढताना घाम फुटेल. पण म्हणून उपनगरी वाहतूक तोट्यात चालते असे रेल्वे म्हणते, आणि तोट्यातल्या धंद्यात नवे रूळ कोण टाकणार? पॅरिसने यावर एक तोड काढली. १९७१ साली तिथे कायदा झाला की, शहरात ज्यांच्या पदरी नोकर आहेत त्या मालकांनी पगारपत्रकावर वाहतुकीसाठी कर द्यावा. १९८२ साली आणखी एक कायदा झाला, त्याने नोकराच्या पासाचा निम्मा खर्च मालकावर घातला. विचार साधा आहे: माणूस सकाळी गाडीत चढतो तो स्वतःच्या करमणुकीसाठी नव्हे, मालकाच्या कामासाठी. मग त्या प्रवासाचा भार मालकानेही उचलावा. जपानमध्येही बहुतेक कंपन्या नोकरांच्या येण्याजाण्याचा खर्च देतात. आपल्याकडे मात्र डोंबिवलीच्या माणसाची अडीच तासांची ये-जा ही त्याची खाजगी बाब समजली जाते. उशीर झाला तर अर्ध्या दिवसाची रजा मात्र कापली जाते, ती खाजगी नव्हे!

आता मी ज्या दिवसाविषयी लिहायचे टाळत होते तो सांगते.

९ जून २०२५, सोमवार. सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. आईचा फोन आला, "बाबांचा फोन लागत नाहीये." नंतर चाळीस मिनिटे मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून एकच क्रमांक लावीत होते. बाबा मागच्या एका गाडीत अडकले होते आणि त्यांच्या फोनची बॅटरी संपली होती, एवढेच. रात्री ते घरी आले, जेवले, आणि आईने त्यांची पाठपिशवी मुकाट्याने काढून घेतली. तिने तिचे पट्टे आखूड केले, म्हणजे ती पुढे छातीवर घेता यावी. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा आठच्या फास्टला गेले. दारातच.

त्या आठवड्यात मी जे ऐकले ते विसरणे कठीण आहे. "दारात उभे राहतातच कशाला?" आमच्या ओळखीचे सुशिक्षित, गाडीने हिंडणारे एक गृहस्थ हे म्हणाले. मी त्यांना तेव्हा उत्तर देऊ शकले नाही, म्हणून येथे देते. सकाळी आठ वाजता डोंबिवलीला येणारी जलद गाडी बदलापूर, टिटवाळा, कल्याण इथून भरून आलेली असते. थांबते जेमतेम अर्धा मिनिट. आत जागा असते ती आसनांच्या मधल्या बोळात, आणि तिथपर्यंत पोहोचायला डोंबिवलीकराकडे वेळ नसतो. शिवाय जो आत शिरला तो घाटकोपरला उतरू शकेलच याची खात्री नाही. तो दादरला उतरेल. तेव्हा दार ही जागा कोणी निवडत नाही, ती उरते. मग पुढे मुंब्रा, कळवा येथे धीम्या गाडीची वाट पाहणाऱ्याला तर तीही उरत नाही, आणि तो आत असलेल्यांना शिव्या देतो, आत असलेले त्याला देतात. आमच्या महिलांच्या डब्यातही निराळे काही नाही; तिथे वेण्या ओढल्या जातात एवढाच फरक. १९९२ पासून महिला विशेष गाड्या सुरू झाल्या, त्यात आम्हा मुलींना जरा श्वास मिळतो.

कायदा याबाबत काय म्हणतो हे मी मुद्दाम शोधून वाचले. १९८९ च्या रेल्वे कायद्यात दोन कलमे आहेत. कलम १५६ म्हणते, रेल्वे कर्मचाऱ्याने बजावल्यावरही जो टपावरून किंवा दाराच्या पायरीवरून प्रवास करील त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि १९९४ साली घातलेले कलम १२४-अ म्हणते, गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला, रेल्वेची चूक असो वा नसो, नुकसानभरपाई द्यावी. म्हणजे त्याच पुस्तकाच्या एका पानावर दारातला माणूस गुन्हेगार आहे आणि दुसऱ्या पानावर भरपाईला पात्र. मधला फरक पडण्याचा! मुंबई उपनगरी मार्गांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांतली पुष्कळशी रूळ ओलांडताना, आणि त्याखालोखाल गाडीतून पडून.

मुंब्र्याच्या अपघातानंतर त्याच महिन्यात रेल्वेने जाहीर केले की यापुढे बिगरवातानुकूलित लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवणार. हवा खेळावी म्हणून दारांना झडपा, टपावर पंखे, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट. ज्यांनी साकुरागिचोची हकीकत वर वाचली त्यांना ही शेवटची वाट का हवी ते सांगायला नको. योजना चांगली आहे. मी तिच्या बाजूने आहे.

पण एक शंका आहे, ती आपल्याच अनुभवातून आलेली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने वातानुकूलित लोकलच्या दहा फेऱ्या वाढवल्या. त्या नव्या वेळांवर नव्हत्या, साध्या गाड्यांच्या जागी होत्या. बंद दाराची गाडी कळव्याच्या लोकांसमोरून निघून जाऊ लागली तेव्हा ते रुळांवर उतरले, बदलापूरला लोक जमले, आणि त्या महिन्याअखेर त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. तेव्हा कित्येकांनी म्हटले, "पाहा, आपल्या लोकांना सुधारणा नको!" मला वाटते, त्या लोकांना दार हवे होते, दाराबाहेर राहणे नको होते. उघड्या दाराच्या गाडीत माणसे बाहेर लोंबकळू तरी शकतात. बंद दार तेवढी माणसे आत घेणार नाही; ती फलाटावर राहतील. किती राहतील? दिव्याला किती, मुंब्र्याला किती, डोंबिवलीला आठ वाजता किती? गाड्या किती सोडल्या, प्रवासी किती गेले, तिकिटे किती विकली, हे आपण मोजतो. गाडी निघून गेल्यावर जो फलाटावर उरला त्याला मोजणारे खाते नाही. माझ्या मते आपल्यात आणि जपानमध्ये हाच खरा फरक. त्यांनी गर्दीला टक्के लावले, म्हणून गर्दी कमी करणे हे कोणाचे तरी काम झाले. आपण गर्दीला 'स्पिरिट' म्हणतो.

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती रेल्वेमंत्र्यांना नसून आपल्याच कॉलेजला आहे. आपल्याकडे भूगोलाचा विभाग आहे, अर्थशास्त्राचा आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचे शंभर-एक स्वयंसेवक आहेत आणि त्यांतले निम्मे तरी रोज याच गाड्यांनी येतात. दिवा, मुंब्रा, कळवा आणि डोंबिवली या चार ठिकाणी सकाळी आठ ते नऊ आपण पुलावर उभे राहून मोजू शकतो: गाडी गेल्यावर किती माणसे चढू न शकता मागे राहिली, दारांत किती होती, त्यांत शाळा-कॉलेजची मुले किती. जपानचे परिमाण जसेच्या तसे घ्यायला नको, आपले बनवू. सहा महिन्यांनी पुन्हा मोजू, बंद दारांच्या गाड्या आल्यावर पुन्हा. आकडे वर्तमानपत्रांना देऊ, प्रवासी संघटनांना देऊ, महापालिकेला देऊ.

दुसरी सूचना त्याहून लहान. मध्य रेल्वेने २०२३ साली आपल्या मुंबईतल्या कार्यालयाच्या वेळा दोन पाळ्यांत विभागल्या आणि इतर कार्यालयांनाही तसे करण्याची विनंती केली. आपल्या कॉलेजची पहिली तासिका भर गर्दीच्या वेळेला सुरू होते. ती अर्धा तास अलीकडे किंवा तासभर पलीकडे नेता येईल का, हे प्राचार्य महोदयांनी आणि वेळापत्रक समितीच्या सरांनी पाहावे. ठाण्याच्या दिशेने येणाऱ्या काहीशे मुलांना निदान आत उभे राहता येईल.

मामा आता टोकियोला परत गेला आहे. त्याला मी ही कल्पना कळवली तेव्हा त्याने तिकडचा गर्दीचा तक्ता पाठवून दिला आणि खाली लिहिले, "भावोजींना सांग, पिशवी पुढेच ठेवा." बाबा ठेवतात.

हा अंक हाती पडेल तेव्हा परीक्षा जवळ आलेल्या असतील, ठाऊक आहे. तरी परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी पावणेआठ वाजता, मी डोंबिवलीच्या पुलावर कल्याणच्या बाजूला वही घेऊन उभी असेन. किमान आठ जण लागतील, एका दाराला एक.